गाणं आपलं, कागदही आपला: स्वतंत्र संगीतकाराने सुरुवात कुठून करावी

"गाणं तयार आहे, आता काय करू?" असं विचारणारं कुणी नवं भेटलं की गाणं ऐकण्याआधी मी तीन गोष्टी विचारते. मूळ रेकॉर्डिंगच्या फाइली कुठे आहेत? या गाण्यात कुणाचा किती वाटा, हे कुठे लिहिलंय का? आणि तुमचं गाणं आवडणाऱ्या किती माणसांना तुम्ही उद्या सकाळी स्वतःहून, कुठल्याही ॲपच्या मध्यस्थीशिवाय, निरोप पाठवू शकता? पहिल्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येतं "स्टुडिओवाल्याकडे", दुसऱ्याला "अहो, आम्ही मित्रच आहोत", आणि तिसऱ्याला काहीच येत नाही.

गेली पंधरा वर्षं मी स्वतःची गाणी स्वतः काढते आहे. मिक्सिंग, मुखपृष्ठ, व्हिडिओ, कधीकधी कार्यक्रमांचं बुकिंग, ही कामं मी दुसऱ्यांना दिली आणि त्यांनी ती माझ्यापेक्षा चांगली केली. पण फाइली, कागद आणि श्रोत्यांचे पत्ते या तीन गोष्टी हातातून गेल्या की बाकी सगळं असूनही माणूस परावलंबी होतो. पुढे सगळं क्रमाने सांगते. काही पायऱ्यांवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण नवी माणसं तिथेच अडकतात.

पायरी १: एका गाण्यात दोन मालमत्ता असतात

तुम्ही शब्द लिहिले, चाल लावली, ही झाली रचना. ती पुढे कुणीही, कुठल्याही वाद्यावर सादर केली तरी रचना तुमचीच. मग एका खोलीत बसून तुम्ही ती रेकॉर्ड केली, हे झालं ध्वनिमुद्रण, बोलताना सगळे ज्याला 'मास्टर' म्हणतात ते. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात, दोन्हींचे पैसे वेगळ्या वाटांनी येतात आणि दोन्ही वेगवेगळे विकताही येतात.

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचं उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर २०१९ मध्ये तिच्या मनाविरुद्ध दुसऱ्याच्या हातात गेले. पण गाणी तिने लिहिलेली होती, रचनेत तिचा हक्क शाबूत होता. जुन्या करारातली 'पुन्हा रेकॉर्ड करायचं नाही' ही मुदत संपल्यावर २०२१ पासून ती तेच अल्बम नव्याने रेकॉर्ड करून काढू लागली, आणि ते नवे मास्टर तिचे स्वतःचे होते. मूळ मास्टर तिने शेवटी २०२५ मध्ये विकत घेतले. इतक्या मोठ्या कलाकाराला जे परत मिळवायला सहा वर्षं लागली, ते तुमच्याकडे आज आपोआप आहे. सही करून देऊन टाकलं नाही तोवर ते तुमचंच राहणार.

आपोआप म्हणजे खरोखरच आपोआप. रचना कागदावर किंवा फोनच्या रेकॉर्डरमध्ये उतरली की कॉपीराइट तयार होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. बर्न कराराचं हे तत्त्व आहे; तो करार १८८६ सालचा, पुढे सुधारत गेलेला, आणि जगातले बहुतेक देश त्यात आहेत. वाद झाला तर मात्र पुरावा लागतो. म्हणून चाल सुचताना फोनवर केलेली गुणगुण कधीही पुसू नका. तारखेसकट ती फाइल गाण्याच्या फोल्डरमध्ये टाका.

पैशांच्या वाटा थोडक्यात अशा. स्ट्रीमिंगमधला मास्टरचा हिस्सा डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणं स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, येतो. रचनेचा हिस्सा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडून किंवा प्रकाशकाकडून, म्हणजे रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडून, येतो. गाणं रेडिओवर लागलं, मंचावर सादर झालं, की रचनेचे पैसे निघतात. अनेक देशांत रेडिओवर वाजलेल्या रेकॉर्डिंगसाठी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आणि मास्टरच्या मालकालाही वेगळी रक्कम मिळते. कलाकारांच्या या हक्काला आंतरराष्ट्रीय पातळीवर आधार मिळाला तो १९६१ च्या रोम करारातून. डिस्ट्रिब्युटरकडे खातं उघडलं म्हणजे सगळे पैसे आले, अशी समजूत सर्रास असते. रचनेचे पैसे हवे असतील तर आपल्या देशातल्या संस्थेचं सभासद होऊन प्रत्येक गाणं तिथे नोंदवावंच लागतं.

पायरी २: वाटणी त्याच रात्री लिहून ठेवा

रात्रीचे दोन वाजलेत. चौघं जमिनीवर बसलेत, मध्ये वायरींचा गुंता. तीन तास न जमलेलं कडवं ड्रमरने ठेका अर्ध्यावर आणल्याबरोबर एकदम उभं राहतं आणि सगळे एकमेकांकडे बघून हसतात. अशा वेळी टक्केवारीचा विषय काढायला जीभ रेटत नाही. माझीही रेटली नव्हती.

त्या गाण्याला वर्षभराने एका जाहिरातीसाठी विचारणा आली. समोरच्यांना सगळ्या मालकांच्या सह्या तीन दिवसांत हव्या होत्या. तोवर आमच्यातला एक जण बँडमधून बाहेर पडला होता. सुरुवातीची ओळ त्याची, त्यामुळे निम्मं गाणं आपलं असं तो मनापासून धरून चालला होता. आम्ही बाकीचे चौथा हिस्सा धरून होतो. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तीन दिवस फोनाफोनीत गेले, काम दुसऱ्या गाण्याला मिळालं, आणि आम्ही दोन वर्षं एकमेकांशी बोललो नाही. पुढे भेटून बसलो तेव्हा वाटणी ठरायला वीस मिनिटं लागली. मित्र आहात म्हणूनच लिहून ठेवा, असं मी आता आग्रहाने सांगते ते यामुळे.

कागद साधा असतो. गाण्याचं नाव, तारीख. प्रत्येकाचं अधिकृत नाव आणि मंचावरचं नाव. कुणी शब्द लिहिले, कुणी चाल केली. रचनेतला प्रत्येकाचा टक्का, बेरीज बरोबर १००. त्याखाली वेगळ्या ओळीत मास्टरचे टक्के, कारण रेकॉर्डिंगचा खर्च एकट्याने केला असेल तर ते वेगळे पडू शकतात. रॉयल्टी संस्थेचं सभासदत्व असेल तर प्रत्येकाचा आयपीआय क्रमांक, म्हणजे रचनाकाराचा ओळख क्रमांक. सह्या. फोटो काढून सगळ्यांना पाठवा, संपलं.

टक्के ठरवायच्या दोन रूढ पद्धती आहेत: शब्दांना निम्मे आणि संगीताला निम्मे, किंवा खोलीत असलेल्या सगळ्यांना समान. सुरुवातीपासून एकत्र बसून गाणं घडवलं असेल तर मी समान वाटणीच्या बाजूची आहे. कुणाची ओळ किती मोलाची हे मोजायला बसलं की पुढच्या गाण्यात माणसं ओळी सुचवताना हात आखडता घेतात, आणि त्यात नुकसान गाण्याचं होतं. पैसे देऊन एका दिवसासाठी बोलावलेल्या वादकाचं वेगळं. तयार चाल त्याने वाजवली तर त्याला मानधन आणि श्रेय, रचनेत हिस्सा नाही. पण लोक जी धून गुणगुणत घरी जातात ती त्याने जागेवर रचली असेल, तर प्रामाणिकपणे त्याला रचनेत घ्या. मानधन देताना चार ओळींचं पत्र सही करून घ्या: इतके पैसे मिळाले, या रेकॉर्डिंगमधलं माझं वादन प्रकाशित करायला माझी परवानगी आहे.

याच पायरीवर आणखी काही खड्डे आहेत. विकत घेतलेली तयार बीट, म्हणजे आधीच बनवलेला वाद्यांचा ट्रॅक, बहुधा अनन्य नसते, तीच बीट इतर अनेकांनाही विकलेली असते, आणि परवान्यात किती स्ट्रीमपर्यंत वापरता येईल याची मर्यादा असू शकते. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा उचलायचा तर दोन परवानग्या लागतात, मास्टरच्या मालकाची आणि रचनेच्या मालकाची. 'सात सेकंदांपर्यंत चालतं' असा सरसकट नियम कुठेही नाही. दुसऱ्याचं गाणं स्वतः गाऊन काढायचं असेल तर मास्टरचा प्रश्न येत नाही, पण रचनेचा परवाना लागतो; तो मिळवण्याची पद्धत देशागणिक बदलते आणि काही डिस्ट्रिब्युटर त्याची सोय करून देतात. मुखपृष्ठाचा फोटो किंवा चित्र करणाऱ्याकडून मुखपृष्ठ, पोस्टर, कपडे अशा प्रत्येक वापराची परवानगी लेखी घ्या आणि त्याचं नाव छापा. चित्रकारालाही त्याच्या कामाची तेवढीच माया असते.

पायरी ३: आहे त्या खोलीत नीट रेकॉर्ड करा

नवी माणसं माइकवर खर्च करतात आणि खोलीकडे बघत नाहीत. आवाज भिंतीवर आपटून परत येतो तो माइकमध्ये शिरतो, आणि तो घुमारा नंतर सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही प्लगइनने पुरता निघत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याकडे पाठ करून गा, मागे दोन जाड गोधड्या टांगा, कोपऱ्यात उभं राहू नका. माइक तोंडापासून साधारण एक वीत, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे फुंकर अडवणारी जाळी. पंखा आणि फ्रिज बंद. खोली फारच घुमत असेल तर बारीकसारीक आवाजही टिपणाऱ्या स्वस्त कंडेन्सर माइकपेक्षा साधा डायनॅमिक माइक बरा, तो दूरचं कमी ऐकतो. शुअरचे एसएम५७ (१९६५) आणि एसएम५८ (१९६६) अजून सगळीकडे दिसतात, ते काही उगाच नाही.

फाइल २४ बिटमध्ये, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर. सगळ्यात मोठ्याने गायच्या जागी मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा. २४ बिटमध्ये वर मोकळी जागा सोडल्याने काही बिघडत नाही, आणि तार सप्तकातली सुंदर जागा फाटली तर ती गेलीच.

मिक्सिंगसाठी, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवायला, दुसरा कान घ्या, जमेल तितका. आपलंच गाणं दोनशे वेळा ऐकल्यावर आवाज किती मोठा असावा हे कळेनासं होतं. मिक्स फोनच्या स्पीकरवर, इअरफोनवर आणि गाडीत ऐका. मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, करणाऱ्याला "अजून मोठं कर" असं सांगत बसू नका. स्पॉटिफाय गाणी वाजवताना साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाज किती मोठा वाटतो हे मोजायचं एकक) आणून ठेवतं, ॲपल म्युझिकची सोय उणे १६ च्या आसपास. तुम्ही गाणं कितीही दाबून मोठं केलंत तरी ते खाली ओढलं जाणार. मग उरतो फक्त दाबलेपणा. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि गाण्याला श्वास घेऊ द्या.

आता फाइली. स्टुडिओतून निघताना फक्त तयार गाणं घेऊन निघू नका. पूर्ण सेशन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं सगळं काम), प्रत्येक वाद्याच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या वेगळ्या वेव्ह फाइली, आवाज वगळून केलेलं मिक्स, नुसता आवाज, आणि २४ बिटचा अंतिम मास्टर, एवढं मागून घ्या. स्टुडिओ ठरवतानाच तसं बोलून ठेवा. मग तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. माझ्या पहिल्या चार गाण्यांचं सेशन एकाच हार्ड डिस्कवर होतं. एका सकाळी ती टकटक वाजू लागली आणि दुपारपर्यंत बंद पडली. आज त्या गाण्यांची माझ्याकडे फक्त एमपी३ आहे. एका नृत्य दिग्दर्शिकेने आवाजाविना ट्रॅक मागितला तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

पायरी ४: नाव आणि क्रमांक

मंचावरचं नाव पक्कं करण्याआधी ते सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवर शोधून बघा. माझ्या एका मित्राचं संथ, एका गिटारवरचं गाणं त्याच नावाच्या मेटल गायकाच्या पानावर जाऊन पडलं. दुरुस्तीला तीन आठवडे लागले, तोवर नव्याची नवलाई ओसरली होती. नाव निवडलं की रोमन लिपीतलं स्पेलिंग एकच ठेवा, एक अक्षरही इकडेतिकडे करू नका.

प्रत्येक रेकॉर्डिंगला एक आयएसआरसी क्रमांक मिळतो: बारा अक्षरांचा, पहिली दोन अक्षरं, मग तीन नोंदणी करणाऱ्याची, दोन अंक वर्षाचे आणि शेवटचे पाच त्या गाण्याचे. तो बहुतेक डिस्ट्रिब्युटर देतात. लाइव्ह आवृत्ती, रिमिक्स, नव्याने केलेलं रेकॉर्डिंग, प्रत्येकाला वेगळा. रचनेचा क्रमांक निराळा, तो आयएसडब्ल्यूसी. 'टी' या अक्षराने सुरू होतो आणि रॉयल्टी संस्थेत गाणं नोंदवल्यावर मिळतो. संपूर्ण प्रकाशनाला बारकोडचा यूपीसी असतो.

हे क्रमांक स्वतःच्या वहीत किंवा तक्त्यात उतरवून ठेवा. उद्या डिस्ट्रिब्युटर बदलायची वेळ आली तर नव्या ठिकाणी तोच आयएसआरसी भरायचा असतो, म्हणजे जुने प्ले आणि प्लेलिस्टमधल्या जागा टिकण्याची शक्यता असते. घाईत रकाना रिकामा सोडला की नवा क्रमांक तयार होतो आणि गाणं शून्यापासून सुरू होतं.

पायरी ५: गाणं बाहेर काढणं

डिस्ट्रिब्युटर साधारण तीन प्रकारे पैसे घेतात: वार्षिक वर्गणी, एकरकमी, किंवा तुमच्या कमाईतला टक्का. वर्षाला बरीच गाणी काढणाऱ्याला वर्गणी परवडते. पण ती भरायची थांबवलीत तर गाणी उतरवली जातात का, हे आधी वाचा. वर्षाला एखादं गाणं काढणाऱ्याला एकरकमी किंवा टक्क्याची पद्धत बरी. खातं उघडताना करार अनन्य आहे का, सोडायचं असेल तर किती दिवसांची सूचना द्यावी लागते आणि पैसे किती साठल्यावर काढता येतात, एवढं बघा.

यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा, म्हणजे आपलं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत सापडलं की आपोआप दावा लावणाऱ्या यंत्रणेचा, पर्याय दिसला की नवी माणसं लगेच टिचकी मारतात. गाण्यात इतरांनाही विकली जाणारी बीट किंवा लूप असेल तर मारू नका. ती बीट वापरणाऱ्या दुसऱ्या कलाकारावर तुमचा दावा लागतो, आणि तो तुमच्यासारखाच कुणी धडपडणारा असतो.

वेळापत्रक उलटं मोजा. प्रकाशनाची तारीख ठरवून तिच्या किमान चार आठवडे आधी गाणं आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं मुखपृष्ठ चढवा. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवं संगीत शुक्रवारी काढायची पद्धत आहे, पण नवख्याला ती पाळायची सक्ती नाही. त्या दिवशी मोठी नावंही येतात, आणि मला स्वतःला मधला वार आवडतो. स्पॉटिफायच्या कलाकार खात्यातून संपादकांकडे गाणं पाठवता येतं. ते प्रकाशनाच्या सात दिवस तरी आधी पाठवलं की तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी यादी) तेच गाणं जातं. तिथे गाण्याचं वर्णन लिहायला जागा मिळते. 'हृदयाला भिडणारं' असलं काही लिहू नका. कोणती वाद्यं, कशावरून सुचलं, आधीचं गाणं कुठे वाजलं, व्हिडिओ कधी येणार, हे लिहा.

स्ट्रीमिंगकडून फार पैशांची अपेक्षा ठेवू नका. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक प्ले धरतात, आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत हजार प्ले न झालेल्या गाण्याला मास्टरचे पैसेच मिळत नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं, पण नियम माहीत असलेला बरा. आणि प्ले विकत देणाऱ्यांच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. 'खात्रीशीर प्लेलिस्ट'च्या नावाखाली यंत्रांकडून प्ले होतात, ते पकडले जातात, दंड डिस्ट्रिब्युटरमार्फत तुमच्यावर येतो, गाणं उतरतं. शिवाय तुमचं गाणं कुणाला आवडतं याची जी खरी माहिती मिळायला हवी ती कायमची गढूळ होते.

पायरी ६: श्रोत्याला नावाने ओळखा

सोशल मीडियावर हजारो फॉलोअर असूनही तुमची पोस्ट त्यातल्या मोजक्यांपर्यंत पोचते, आणि किती जणांपर्यंत पोचवायची हे दुसरंच कुणी ठरवतं. म्हणून ईमेल. जुनाट वाटेल, पण ती यादी तुमची असते. सेवा बदलली तरी उचलून नेता येते.

मी कार्यक्रमाला जाताना एक जाड वही आणि दोन पेनं नेते. शेवटच्या आधीच्या गाण्याला मंचावरून सांगते, "पुढचं गाणं पूर्ण व्हायच्या आधी कसं वाजत होतं हे ऐकायचं असेल तर दाराजवळच्या वहीत पत्ता लिहा." शेवटच्या गाण्यानंतर नाही, तेव्हा लोक चपला शोधत असतात. चाळीस जणांच्या खोलीत दहाबारा पत्ते मिळतात. दुसऱ्या दिवशी त्यांना फोनवर केलेलं कच्चं रेकॉर्डिंग जातं, सोबत दोन ओळी. त्यानंतर महिन्यातून एकच पत्र, तेही सांगण्यासारखं असेल तरच. उत्तर आलं तर मी स्वतः उत्तर देते. माझा दुसरा अल्बम छापण्याचा खर्च निघाला तो याच वहीतल्या माणसांनी आगाऊ मागणी नोंदवल्यामुळे.

थेट विक्रीसाठी बँडकॅम्पसारखी ठिकाणं आहेत. २००८ पासून चालू असलेली ही सेवा डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेते, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. दरमहा पाठबळ देणारे जोडायचे तर पेट्रिऑन आहे. २०१३ मध्ये ते सुरू करणाऱ्या दोघांपैकी जॅक काँटे स्वतः संगीतकार. पण दरमहा काय देणार याचा शब्द बेताचा द्या. दर आठवड्याला नवं गाणं कबूल करून थकलेले मी पाहिले आहेत.

पायरी ७: मंचावर जाताना

बिदागी किती, कधी, कुणाकडून मिळणार, हे कार्यक्रमाआधी लेखी हवं. ईमेल पुरतो. त्यात तारीख, मंचावर जायची वेळ, किती मिनिटं, बिदागी, प्रवास आणि मुक्काम कुणाकडे, रद्द झालं तर काय, आणि रेकॉर्डिंग करणार असतील तर ते कुठे वापरणार. निम्मी रक्कम आगाऊ मागा. फुकट वाजवायला हरकत नाही, फक्त त्यातून काय मिळणार हे स्वतःला स्पष्ट असू द्या.

ध्वनी सांभाळणाऱ्याला एक पानाचा कागद आठवडाभर आधी पाठवा. मी आणि माझी साथीदार, आमच्या दोघींचा असा असतो: चॅनल एक, मुख्य आवाज, डायनॅमिक माइक, उभा स्टँड. चॅनल दोन, गिटार, डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी). चॅनल तीन, दुसरा आवाज, आडवा हात असलेला स्टँड. चॅनल चार आणि पाच, कीबोर्ड, डावं-उजवं, दोन डीआय. मॉनिटर, म्हणजे मंचावर आपल्याकडे तोंड केलेले स्पीकर, दोन, माझ्यात माझा आवाज आणि कीबोर्ड, तिच्यात सगळं थोडं थोडं. खाली कोण कुठे उभं राहणार याचं हाताने काढलेलं चित्र. गेल्या गेल्या त्या माणसाचं नाव विचारा आणि मंचावरून त्याचे आभार माना. तुमचा आवाज त्याच्या बोटांत असतो.

कार्यक्रमात गायलेल्या स्वतःच्या गाण्यांची यादी रॉयल्टी संस्थेला कळवता येते का, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे मिळतात आणि नवे लोक ते सोडून देतात.

आणि कान जपा. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला रोज आठ तासांची मर्यादा आहे आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. तालमीच्या खोलीत ड्रमशेजारी तेवढं सहज होतं. संगीतकारांसाठी बनवलेले इअरप्लग पहिल्या वर्षातच घ्या. गेलेला कान परत येत नाही.

पायरी ८: हिशेब

संगीताचं बँक खातं घरखर्चापासून वेगळं. येणाऱ्या प्रत्येक रकमेतला काही भाग कराला बाजूला. बिलावर क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन आणि पैसे देण्याची मुदत. एवढंच, पण दर महिन्याला.

एका झऱ्यावर विसंबू नका. शिकवणं, दुसऱ्यांच्या गाण्यात वाजवणं, संगीत संयोजन, लघुपट आणि जाहिरातींना गाणी देणं, हे सगळं संगीताचंच काम आहे. नोकरी करत असाल तर ती सोडण्याची घाई नको. महिन्याचं भाडं गाण्यावर अवलंबून नसलं की वाईट करार नाकारायचं बळ येतं. चित्रपट किंवा जाहिरातीला गाणं द्यायचं तर समोरच्याला मास्टर आणि रचना अशा दोन्ही परवानग्या एका दमात हव्या असतात. दुसऱ्या पायरीवरचा कागद आणि तिसरीवरचा आवाजाविना ट्रॅक इथे कामाला येतो.

पायरी ९: करार समोर आला तर

एक दिवस कुणीतरी म्हणेल, "आम्ही तुमचं सगळं सांभाळतो, फक्त इथे सही करा." आनंद होऊ द्या, सही लगेच करू नका. वाचताना आधी मास्टरचा मालक कोण होणार आणि किती वर्षांनी ते परत येणार, हे शोधा. 'कायमस्वरूपी' हा शब्द दिसला की थांबा. मग करार किती काळ, कुठल्या देशांसाठी, आणि त्या काळात दुसऱ्या कुणासोबत गाता येणार की नाही.

आगाऊ रकमेने भलेभले भुलतात. ती तुमच्याच हिश्शातून फेडायची असते. समजा १,००,००० आगाऊ मिळाले आणि तुमचा हिस्सा २० टक्के ठरला. गाण्याने ५,००,००० कमावले की तुमचे २० टक्के १,००,००० होतात आणि उचल फिटते. त्यानंतरच तुम्हाला पुढचा पैसा दिसतो. त्यात व्हिडिओ आणि प्रसिद्धीचा खर्चही तुमच्या खात्यात टाकला असेल तर तो टप्पा आणखी लांबतो. खर्चाची मर्यादा आणि हिशेब तपासण्याचा हक्क करारात मागून घ्या.

हल्ली आणखी एक कलम बघते, तुमचा आवाज यंत्राला शिकवण्यासाठी किंवा त्याची नक्कल तयार करण्यासाठी वापरायची परवानगी. ती वेगळ्या परिच्छेदात नसते, 'सर्व ज्ञात आणि भविष्यातील माध्यमे' अशा शब्दांत लपलेली असते. नको असेल तर तसं स्पष्ट लिहून घ्या.

संगीताचे करार वाचणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. ज्याची फी समोरची बाजू भरते तो वकील चालणार नाही, तुमचा स्वतःचा हवा. "आजच ठरवा, नाहीतर संधी जाईल" असं कुणी म्हणालं तर निदान आठ दिवस मागा. एका कंपनीने मला ते दिले नव्हते. मी उठून आले, आणि ती गाणी अजून माझी आहेत.